वरच्या कप्प्यातले हुकूम

आमच्या हिच्याबद्दल चार ओळी लिहू का, असं मी हिलाच विचारलं. "लिहा," म्हणाली, "पण काना-मात्रा नीट द्या. मी तपासून देणार नाही." तेव्हा यात जे चुकेल ते माझं. मला लिहायची सवय नाही. नोकरीत असताना फार तर रजेचा अर्ज लिहिला असेल, आणि तोही ही टाइप करून द्यायची.

ही टायपिस्ट. एका मोठ्या कचेरीत हिची उभी हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर हिने घरी कामं घ्यायला सुरुवात केली. आमची मागची गॅलरी आम्ही काचा लावून बंद करून घेतली होती, कपडे वाळत घालायला. एक दिवस मी बाजारातून आलो तर दोऱ्या गेल्या होत्या आणि तिथे टेबल, खुर्ची, कॉम्प्युटर आणि ही. कपडे तेव्हापासून आमच्या खोलीत वाळतात, माझ्या पलंगाच्या डोक्याशी. ओल्या टॉवेलचं पाणी उशीवर ठिबकतं, असं मी एकदा हळूच म्हणून पाहिलं. "मग पायाकडे डोकं करा," म्हणाली. मी तसाच झोपतो. सोयीचं आहे.

गिऱ्हाइकं हिला टाइपबाई म्हणतात. त्यात एक वकील आहेत, एक हीटर बनवणारा कारखाना आहे आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. काही लोक या वयातही आपले सगळे दात स्वतःचे आहेत हे जसं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, तसं ही सांगायची, की माझ्या हातची चूक आजवर घराबाहेर गेलेली नाही. ते खरंही होतं. घरात झालेल्या चुका ही घरातच निस्तरत असे, आणि त्या आमच्या असत.

आमच्या सूनबाई कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत, पण बहुतेक दिवस काम घरूनच, पुढच्या खोलीत बसून. एकदा चहाचा कप घेऊन त्या गॅलरीत डोकावल्या, तर ही वकिलांचं काम उघडून समास रुंद करत होती, ओळींना आकडे घालत होती. ते मिटलं आणि कारखान्याचं उघडलं, की समास पुन्हा अरुंद, आकडे काढून टाक, अक्षर बारीक कर. सूनबाईंना राहवलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि हिला समजावून सांगितलं, की प्रत्येक गिऱ्हाइकाचा कॉम्प्युटरमध्ये एक कप्पा आहे ना, त्या कप्प्यात एक छोटी फाइल ठेवायची आणि तिच्यात फक्त त्याच कामाचे हुकूम लिहायचे. कप्प्यातलं काहीही उघडलं, की लिहायचा प्रोग्रॅम आधी ती फाइल वाचतो आणि हुकूम आपोआप पाळतो. दुसऱ्या कप्प्यात गेलं की तिथले हुकूम. यांचे त्यांना लागत नाहीत.

ही खुर्चीत मागे टेकून बसली.

"म्हणजे रोज सांगायला लागत नाही?"

"एकदाच सांगायचं, आई."

"आणि रोज ऐकतो?"

"रोज."

हिने माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

पहिल्याच दिवशी एक भांडण मात्र झालं. कप्पा उघडल्यावर हुकूम पाळण्याआधी प्रोग्रॅमने पडद्यावर विचारलं, की ज्याने हा कप्पा केला त्याच्यावर तुमचा विश्वास आहे का? हुकूम आपोआप चालतात, परक्याच्या कप्प्यात काहीबाही लिहिलेलं असू शकतं, म्हणून तो विचारतो, असं सूनबाईंनी सांगून पाहिलं. पण हिचा पारा चढला होता. माझं घर, माझं टेबल, माझं काम, आणि माझा माझ्यावर विश्वास आहे का हे मला हा उपरा विचारणार. हिने 'होय' इतक्या जोरात दाबलं की माउस टेबलावरून खाली गेला.

पुढे मग हिला त्याची गोडीच लागली. वकिलांचा कप्पा उघडला की समास आपोआप रुंद व्हायचा. कारखान्याची अट होती, की वापराच्या पत्रकात प्रत्येक भागाच्या शेवटी धोक्याच्या सूचना आल्याच पाहिजेत; तर त्या कप्प्यात हिने हुकूम लिहिला, की काम जतन करताना प्रत्येक भागाखाली त्या सूचना चिकटवाव्यात. मुख्याध्यापिका बाई 'छापखान्यात गेलं का' असं विचारायला दिवसातून तीनदा फोन करायच्या. तर त्यांच्या कप्प्यात हुकूम असा, की मजकूर जतन झाला की तो थेट छापखान्याकडे रवाना. बाईंचे फोन कमी झाले. ही सूनबाईंचं कौतुक करू लागली, तेही त्यांच्या तोंडावर. आमच्या घरात हे नवीन होतं.

मग हिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काही दिवस पट्टी होती आणि ही पलंगावर पडून असे. मी थेंब घालायला बसलो की हिची बोटं पांघरुणावर हलताना दिसायची. थंडी वाजते का म्हणून मी विचारलं. नाही म्हणाली. नीट बघितल्यावर कळलं, आम्ही खोलीत जे बोलत होतो ते ही पांघरुणावर टाइप करत होती. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण तेव्हा माझ्या मनाने घेतलं की हिचं हे काम सुटता कामा नये.

मुलाच्या मनात उलटंच होतं. पट्टी निघाल्यावर एक दिवस जेवताना तो म्हणाला, की आई, आता पुरे, डोळे सांभाळ. ही ऐकेना. बोलता बोलता त्याने अट घातली, की ज्या दिवशी तुझी एक जरी चूक गिऱ्हाइकापर्यंत जाईल त्या दिवशी थांबायचं.

"दिला शब्द," ही म्हणाली आणि भाजी वाढून घेतली. हिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे तिघांनाही माहीत होतं. सूनबाईंनी टेबलाखालून नवऱ्याला पाय मारला. तो मला लागला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कारखान्याने एकदम बरीच नवी उपकरणं काढली. खोलीचा हीटर, पाण्याचा हीटर, टॉवेल वाळवायचा हीटर. प्रत्येकाचा वेगळा कप्पा. प्रत्येक कप्प्यात सूचनांची तीच फाइल ठेवायचा हिला कंटाळा आला. सूनबाईंनी हिला हेही सांगून ठेवलं होतं, की फाइल वरच्या कप्प्यात ठेवली तर तिचे हुकूम आतल्या सगळ्या कप्प्यांना लागू होतात. तेव्हा कारखान्याच्या मोठ्या कप्प्यात एकच फाइल ठेवावी, असा हिने विचार केला. विचार बरोबर होता. पण ठेवताना ही एक कप्पा आणखी वर गेली. त्या कप्प्याचं नाव 'कामं'. त्यात कारखानाही होता, वकीलही होते आणि मुख्याध्यापिका बाईही होत्या.

मग हिने बाईंचं पुस्तक उघडलं, शेवटच्या धड्यातला एक स्वल्पविराम काढला, जतन केलं आणि डोळ्यांत थेंब घालून आडवी झाली.

बाईंचं पुस्तक सुखी संसारावर होतं. त्या स्वतः लग्नाच्या भानगडीत पडल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना त्यातलं सगळं स्वच्छ दिसत होतं. जुन्या विद्यार्थिनींच्या मेळाव्यात वाटायला आधी थोड्या प्रती छापून घ्यायच्या असं त्यांचं ठरलं होतं. त्या प्रती हातात पडल्यावर त्यांचा फोन आला. हिचे हात साबणाचे होते म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर टाकून हिच्यासमोर धरला.

"टाइपबाई, एक विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. "'पतीचा राग' हा धडा संपल्यावर, पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण काढू नये, असं छापलंय. ते माझं आहे का?"

"कसलं झाकण?" हिने विचारलं.

"तेच मी तुम्हाला विचारतेय."

ही साबणाच्या हातांनी तशीच गॅलरीत गेली. मी मागून गेलो. पडद्यावर बाईंचं पुस्तक उघडलं, आणि बघतो तर प्रत्येक धड्याच्या शेवटी त्याच ओळी. 'सूचना : ओल्या हाताने स्पर्श करू नये. पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण काढू नये. लहान मुलांच्या हाती देऊ नये. बिघाड झाल्यास स्वतः उघडून पाहू नये. कंपनीच्या माणसाला बोलवावे.' 'नवे नवे दिवस' या धड्याखाली त्या होत्या. 'सासूबाई' या धड्याखाली होत्या. 'शेजाऱ्यांशी संबंध' याखालीही. वरच्या कप्प्यातल्या हुकुमाने त्या चिकटवल्या होत्या आणि बाईंच्या कप्प्यातल्या हुकुमाने लगेच छापखान्यात पोचवल्या होत्या. मध्ये कुणाची नजर पडायला जागाच नव्हती.

खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. मी ते खोकल्यात घातलं. पण हिचा चेहरा बघितला आणि खोकलाही थांबला.

आम्ही दोघं बाईंच्या घरी गेलो. त्या टेबलाशी बसून लाल पेनाने सूचना खोडत होत्या. हिने क्षमा मागायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, बसा आधी, आणि आमच्या दोघांच्या हातात एक एक लाल पेन दिलं. पट्टी लावून सरळ रेघ मारायची, असंही बजावलं. मी नोकरीतून निवृत्त होऊन जमाना झाला, पण त्या टेबलाशी मला पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली असल्यासारखं वाटलं. माझी एक रेघ तिरकी गेली तेव्हा बाईंनी नुसतं पाहिलं.

'पतीचा राग' आला तेव्हा बाई थबकल्या. हे एवढं राहू द्या, म्हणाल्या. इतकी पानं लिहून मला जे नीट सांगता आलं नाही ते यात एका ओळीत आलंय.

"नको," ही म्हणाली. "चूक ती चूक." आणि पुस्तक ओढून हिने स्वतः त्यावर रेघ मारली.

बाई रागावल्या नव्हत्या. निघताना त्यांनी सांगितलं, की पुढचं पुस्तक सासरे या विषयावर आहे आणि तेही तुमच्याकडेच देणार. रस्त्याने मी म्हणालो, की घरात कुणाला कळलेलं नाही, कळायचं कारणही नाही.

"शब्द कुणी दिला होता?" हिने विचारलं.

"तू."

"मग?"

जेवायला सगळे बसल्यावर हिने झालेली गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, झाकणासकट. सूनबाईंनी ओठ दाबून धरले. मुलगा म्हणाला, आई, यात तुझी चूक कुठे, ते तर मशीनने केलं.

"मशीनने सांगितलं ते केलं. सांगणारी मी होते."

हात धुऊन ही गॅलरीत गेली आणि कॉम्प्युटरवर जुनी चादर घातली. मुलाला हवं तेच झालं होतं. पण त्याचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

पहिले दोन-तीन दिवस ही टेबलाच्या कडेवर बोटं वाजवत बसली. मग हिचं लक्ष घराकडे गेलं. या घरात प्रत्येक गोष्ट रोज सांगावी लागते, असं हिला आढळलं. एकदा सांगायचं आणि रोज व्हायचं, असं इथे काहीच नव्हतं. तेव्हा हिने प्रत्येक खोलीचे हुकूम ठरवून दिले. बाहेरच्या दारातून आत येणाऱ्याने चपला, मोजे, छत्री जागच्या जागी ठेवून उद्या किती वाजता निघणार ते सांगायचं. स्वयंपाकघरात जो कुणी ज्या कुठल्या कामासाठी जाईल त्याने बाहेर पडताना गॅसचं बटण पाहायचं आणि ओटा पुसायचा. पाणी प्यायला गेलं तरी ओटा पुसायचा. न्हाणीघरातून निघताना खिडकी उघडायची आणि बादली उपडी ठेवायची. पुढच्या खोलीत असणाऱ्याने दाराची घंटा वाजल्याबरोबर टीपॉयवरचे कप उचलायचे. विसरलं तर ही ओरडत नसे. नुसती दारात उभी राहून वाट बघत असे, पडदा अडकल्यावर कॉम्प्युटरसमोर बसायची तशी.

बघता बघता आमच्या अंगवळणी पडलं. मी शेजाऱ्यांकडे गेलो होतो, हात धुवायला त्यांच्या न्हाणीघरात शिरलो, आणि निघताना खिडकी उघडून त्यांची बादली उपडी करून आलो. तिच्यात त्यांनी दिवसभराचं पाणी भरून ठेवलं होतं. मुलगा ऑफिसातून उशिरा यायला लागला. काम वाढलंय म्हणायचा. पण मला एकदा तो कोपऱ्यावरच्या बाकावर एकटाच शेंगा खात बसलेला दिसला. त्याने मलाही थोड्या दिल्या.

खरे हाल सूनबाईंचे. त्यांची ऑफिसची बैठक कॉम्प्युटरवर चालायची, समोर त्यांचे साहेब दिसायचे, आणि साहेबांना या दिसायच्या. मध्येच घंटा वाजली की या बोलता बोलता उठून टीपॉयवरचा कप उचलायच्या आणि पुन्हा बसायच्या. साहेबांनी एकदा काळजीने विचारलं, की तब्येत बरी आहे ना.

आणि एका संध्याकाळी त्या जेवायला बसल्या पण ताटाला हात लावेनात. नवऱ्याने विचारलं तरी सांगेनात. शेवटी हिने विचारलं, तेव्हा त्यांनी खाली मान घालून सांगितलं, की ऑफिसात त्यांच्या हातून घोटाळा झाला होता. एका कामापुरता हुकूम लिहायचा होता, की त्यातली फाइल उघडली की तिची प्रत छापून निघावी. घंटा वाजली, त्या कप उचलायला उठल्या, परत येऊन हुकुमाची फाइल ठेवली आणि ठेवायची ती भलतीकडेच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ऑफिसात कुणी काहीही उघडलं की ते छापखाना चालवल्यासारखं मधल्या छपाई यंत्रातून बाहेर पडायला लागलं. कुणाचा भाड्याचा करार, कुणाच्या आजीचा औषधांचा कागद. आणि साहेबांनी दुसऱ्या कंपनीकडे नोकरीसाठी केलेला अर्ज. तो सगळ्यांनी वाचला.

"मग साहेब गेले का?" मी विचारलं. मी एरवी मध्ये बोलत नाही.

"नाही. आता त्यांना सगळे फार जपतात."

मुलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो आ वासून बायकोकडे बघत होता. ही मात्र पुढे झुकली होती.

"कुठे ठेवली होतीस फाइल?"

"एक कप्पा वर, आई."

ही हसली. किती तरी दिवसांनी हसली. मग एकदम गंभीर होऊन विचारलं, की मग तुला काढलं का कामावरून?

"आमच्याकडे चूक झाली की माणसाला काढत नाहीत. एक पायरी वाढवतात."

"कसली पायरी?"

सूनबाईंनी सांगितलं, की आता त्यांच्याकडे असा नियम केलाय, की काही बाहेर पाठवायचा किंवा छापायचा हुकूम फाइलीत लिहायचाच नाही. बाकीचं आपोआप होऊ दे. पाठवायचं ते हाताने, आणि त्याआधी दुसऱ्या कुणीतरी वाचल्याशिवाय नाही.

ही विचारात पडली. मुलाने संधी साधली आणि म्हणाला, आई, मी माझी अट मागे घेतो.

"तुझी अट तू घेशील. माझ्या शब्दाचं काय?"

मुलगा गप्प झाला. सूनबाई झाल्या नाहीत.

"शब्द तुम्ही पाळलात, आई. चूक झाली, तुम्ही थांबलात. तुमची शिक्षा भोगून झाली. आता आम्ही भोगतोय."

मुलाला ठसका लागला. मी त्याच्यापुढे पाणी सरकवलं, आणि मग ओटा पुसायला उठू लागलो, कारण पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरातून मीच आणला होता. ही माझ्याकडे बघत राहिली. उठलेला मी, ठसका लागलेला मुलगा, न जेवलेली सून, अशी एकेकाकडे हिची नजर फिरली. काय मनात आलं कोण जाणे.

"बसा तुम्ही," मला म्हणाली. "ओटा राहू दे आज." आणि सूनबाईंना विचारलं, "हे जे दुसरं माणूस वाचणार म्हणतेस, ते आपल्याकडे कोण?"

मुलाने ताटात बघितलं. सूनबाईंनी माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी चादर निघाली. सूचनांची फाइल सूनबाईंच्या देखरेखीखाली एक कप्पा खाली उतरली, आणि छापखान्याकडे आपोआप पाठवायचा हुकूम हिने स्वतः पुसला. आता ही टाइप करते, मी शेजारी स्टुलावर बसून वाचतो, आणि मी मान हलवल्यावर ही 'पाठवा' दाबते. सासऱ्यांवरचं पुस्तक अर्धं झालंय. त्यातलं बरंचसं मला पटलेलं नाही, पण माझं काम फक्त चुका बघण्याचं आहे.

त्या मला कुठे सापडणार, असंच मी धरून चाललो होतो. पण काल पाण्याच्या हीटरच्या पत्रकात एक सापडली. गरम पाण्याचा नळ डावीकडे लिहिला होता आणि चित्रात तो उजवीकडे होता. मी दोनदा बघितलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा बघितलं आणि बोट ठेवलं. हिने वाचलं, चित्र पाहिलं, दुरुस्त केलं, आणि त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

आज सकाळी गॅलरीत गेलो, तर स्टुलावर उशी ठेवलेली होती.